लसीचा प्रवास

पेण तालुक्यांतील गडबसारख्या गांवांत वडीलधाऱ्यांच्या हातावर आजही गोलसर वण दिसतात. लहानपणीं देवी काढल्याची ही खूण. आपण ती शास्त्राच्या विजयाची मुद्रा समजतों. परंतु इतिहास पाहूं गेल्यास ती तितकीच लस वाहून आणणाऱ्यांच्या विजयाचीही आहे.

जेन्नरनें आपला प्रयोग १७९६ सालीं केला व १७९८ सालीं प्रसिद्ध केला. मुंबईस मात्र १८०२ साल उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. कारण दोऱ्यावर वाळविलेली लस दीर्घ प्रवासांत उष्णतेनें निर्जीव होई. अखेर व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारोनें ती बगदादेस धाडली. तेथें व पुढें बसऱ्यास माणसांना टोचून ती ताजी करण्यांत आली आणि मग जहाजानें मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजीं अन्ना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. तिच्या हातांतून ती दुसऱ्यांच्या हातांत, व अशा साखळीनें पुण्यास, सुरतेस आणि मद्रासेस गेली. बर्फाची पेटी नव्हती. लेंकरांचे हात हेंच लसीचें पात्र होतें!

पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां हाफकिननें तेथेंच बसून तीन महिन्यांत लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. रोगाच्या दारींच औषध घडलें कीं विलंब कसा टळतो, हें त्यावरून दिसून आलें.

परंतु अंतर संपलें तरी किंमत उरतेच. सहारेच्या दक्षिणेस मेनिंजायटिसनें माणसें मरत असतां, अर्ध्या डॉलरहून महाग लस आम्हांस परवडणार नाहीं, असें तेथील अधिकाऱ्यांनीं सांगितलें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें जागतिक आरोग्य संघटना व पाथ यांच्या सहकार्यानें तेवढ्या किंमतींत ती केली. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासोंत तिची मोहीम सुरू झाली. पुढें २०१२ सालीं ती ४० अंश उष्णतेंत चार दिवसांपर्यंत बर्फाविना नेण्यास मान्यता मिळाली. त्या काळच्या दोऱ्यास जें साधलें नव्हतें, तें येथें साधलें.

प्रयोगशाळेंत लस सिद्ध झाली म्हणजे अर्धेंच काम झालें. पेणच्या डोंगरांतील कातकरी वाडीवर पेटी खांद्यास लावून चढणारी परिचारिका उरलेलें अर्धें काम करीत असते. तें थांबलें, तर जेन्नर असून नसल्यासारखाच.