सरपण : तोड, फोड व वाळवण

सरपण : चूल, बंब, भट्टी यांत जाळण्यासाठी तोडून, फोडून व वाळवून ठेवलेले लाकूड. यास जळण किंवा जळाऊ लाकूड असेही म्हणतात. महाराष्ट्रात बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, बांधावरचे गिरिपुष्प आणि किनारपट्टीतील सुरू यांचे लाकूड सरपणासाठी वापरतात. बिब्ब्याचा चीक व धूर अंगावर फोड आणतात आणि कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. म्हणून ही दोन्ही झाडे चुलीपासून दूर ठेवावीत.

सरपणाच्या कामात झाडाचा भार, लाकडातला ताण, रेषा आणि पाणी या चार गोष्टी आधी पाहाव्या लागतात. त्या न पाहता लावलेली ताकद वाया जाते किंवा अंगावर उलटते.

झाड पाडणे : आधी झाडाभोवती एक फेरी मारून खोडाचा कल, फांद्यांचा भार, वाऱ्याची दिशा, ढोली आणि वर अडकलेल्या सुक्या फांद्या पाहाव्यात. वीजवाहिनी जवळ असेल, तर पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्याखेरीज कोणी नसावे. पडण्याच्या दिशेच्या उलट बाजूस, तिरप्या रोखाने मागे सरण्याची वाट झाडी-झुडपे काढून मोकळी करावी. झाड सुटताना बुंधा सरळ मागे उसळू शकतो, म्हणून नेमके मागे उभे राहू नये.

ज्या दिशेला झाड पाडायचे, त्या बाजूने खोडाच्या जाडीच्या सुमारे पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खाच घेतात. मग मागच्या बाजूने, खाचेच्या कोपऱ्याच्या किंचित वर, दुसरा काप देतात. दोहोंमध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची पट्टी न कापता राखतात. ही पट्टी बिजागरीसारखी वळते आणि झाडाला दिशा देते. ती कापली गेली की झाडावरचा ताबा सुटतो. दुसऱ्या झाडावर अडकून राहिलेले झाड सर्वांत घातक. त्याच्याखाली जाऊ नये, आधार देणारे झाडही तोडू नये. दोर व विंचच्या साह्याने लांबून ओढून घ्यावे.

साखळी करवत (चेनसॉ) : आंड्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचे जबडे पाहून अमेरिकेतील जोसेफ कॉक्स याने साखळीच्या दात्यांना नवा आकार दिला. १९४७ मध्ये ती साखळी बाजारात आली आणि आजच्या साखळ्या त्याच घडणीच्या आहेत.

पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. साखळी जिच्याभोवती फिरते, त्या करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत क्षणात वर व मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये, करवत खांद्याच्या वर नेऊ नये आणि डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घट्ट वळवलेला असावा. साखळीचा ब्रेक रोज तपासावा. शिरस्त्राण, चष्मा किंवा जाळी, कानांची आवरणे, मजबूत बूट व पायांची संरक्षक आवरणे हवीतच; पायांच्या आवरणातील चिवट तंतू साखळीत गुंतून तिला थांबवतात. एकट्याने काम करू नये.

साखळीची धार तिच्या भुशावरून कळते. धारदार साखळी जाड छिलके उडवते. बोथट साखळीतून पिठासारखी भुकटी पडते आणि करवत रेटावी लागते. अशा वेळी काम थांबवून गोल कानशीने सगळे दाते सारख्या कोनात घासावेत.

ओंडके कापणे : दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडाचा वरचा भाग दबलेला व खालचा ताणलेला असतो. वरून थेट कापत गेल्यास काप मिटतो आणि करवतीची पट्टी अडकते. म्हणून आधी वरून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि मग खालून कापावे. एक टोक अधांतरी असेल, तर क्रम उलटा : आधी खालून थोडे, मग वरून. उतारावर नेहमी खोडाच्या वरच्या अंगाला उभे राहावे.

फोडणे : लाकूड रेषेच्या दिशेने फुटते. ओंडका उभा करून माथ्यावरची भेग शोधावी आणि घाव तिच्याच रेषेत, गाठ टाळून घालावा. जाड ओंडक्याच्या मध्यावर घाव न घालता कडेकडेने ढलप्या काढत यावे. निलगिरीचे पिळवटलेल्या रेषांचे लाकूड ओले असतानाच फोडावे. वाळल्यावर ते दाद देत नाही. फोडण्यासाठी पातळ पात्याची नव्हे, तर जड व रुंद गालांची कुऱ्हाड घ्यावी, कारण इथे कापण्यापेक्षा फाकवण्याचे काम असते. ओंडका गुडघ्याच्या उंचीच्या ठोकळ्यावर ठेवला, तर चुकलेला घाव ठोकळ्यातच बसतो, पायावर येत नाही. पाय खांद्यांइतके फाकवून समरेषेत ठेवावेत. चिवट गाठीला लोखंडी पाचर व घण लावावा. कुऱ्हाडीच्या माथ्यावर घण मारू नये. पाचरीच्या डोक्याला फुटलेल्या कडा घासून काढाव्यात, नाहीतर त्यांच्या कपच्या डोळ्यात उडतात.

वाळवण व साठवण : ताज्या लाकडात कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक, कधी कधी तितकेच पाणी असते. उकळत्या १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाजूल उष्णता लागते. ती चुलीतूनच जाते आणि ओले लाकूड धुमसते. हा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व फुप्फुसांत जातो. ओलावा २० टक्क्यांच्या आत आल्यावरच लाकूड जाळावे. लाकूड मुख्यतः रेषांच्या टोकांकडून पाणी सोडते आणि साल ते अडवून धरते; आखूड कापलेले, फोडलेले लाकूड म्हणूनच लवकर वाळते. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला चिरा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास टणक आवाज येतो. पावसाळा सरल्यावर तोडलेले लाकूड लगेच फोडावे, उन्हाळाभर जमिनीपासून उंच, हवा खेळेल असे रचावे आणि मृगाच्या आत पडवीत किंवा मांगरात घ्यावे. पावसाळी हवेत सुके लाकूडही पुन्हा ओलावा धरते.

परवानगी व झाडाची राखण : महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीतील साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ इत्यादी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली, तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरांत १९७५ च्या कायद्याने नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सरपणासाठी अख्खे झाड आडवे करण्याची गरज बहुधा नसते. मोठी फांदी तीन कापांत उतरवावी : खोडापासून थोड्या अंतरावर खालून अर्धवट, त्याच्या किंचित पुढे वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. खालचा काप दिला नाही, तर तुटती फांदी खोडाची साल सोलत जाते. गिरिपुष्प व सुबाभूळ छाटल्यावर पुन्हा फुटतात. काप स्वच्छ व किंचित उतरता ठेवला आणि फुटव्यांना गुरांपासून राखले, तर त्याच झाडांपासून वर्षानुवर्षे सरपण मिळते.