ॲब्सिसिक अम्ल
वनस्पतींतील एक वृद्धिनियामक हॉर्मोन. पाते व कोवळी बोंडे गळणे हे खानदेशातील (जळगाव व धुळे भागातील) कोरडवाहू कपाशीचे जुने दुखणे होय. या हॉर्मोनाचा शोधही कपाशीच्या बोंडांतूनच लागला. १९६१ मध्ये लिऊ व कार्न्स यांनी पक्व बोंडांच्या टरफलांतून गळ घडवून आणणारे द्रव्य वेगळे केले. १९६३ मध्ये ओहकुमा, ॲडिकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात कोवळ्या बोंडांतून ‘ॲब्सिसिन–२’ मिळविले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये वेअरिंग हे वृक्षांच्या कळ्यांच्या सुप्तावस्थेचे कारण शोधीत होते. त्यांचे ‘डॉर्मिन’ व ॲब्सिसिन–२ एकच असल्याचे १९६५ मध्ये सिद्ध झाले आणि १९६७ मध्ये सध्याचे नाव ठरले.

पानगळीवरून पडलेले हे नाव मात्र फसवे आहे. देठाच्या बुडाशी असलेल्या विलगन थरातील पेशी सुट्या होतात, त्या बहुतेक वनस्पतींत मुख्यतः एथिलिनामुळे. जळगावची केळी पिकविणारा वायू तोच. ॲब्सिसिक अम्लाचे प्रमुख कार्य बीजांची सुप्तावस्था राखणे व पाण्याच्या ताणात पर्णरंध्रे मिटविणे हे होय. पावसाने ओढ दिली म्हणजे कपाशीत ते वाढते व झाडातील पाणी राखले जाते. गळीला मात्र एथिलिनाची वाढ व ऑक्सिनाची घट कारणीभूत होते. म्हणूनच पातेगळीवर नॅप्थॅलीन ॲसिटिक अम्ल हे कृत्रिम ऑक्सिन फवारतात.