चित्रकला-शिक्षकाची घडण : मुंबई व सेवाग्राम येथील दोन परंपरा

प्रस्तावना :
चित्रकार आणि चित्रकला-शिक्षक या भूमिका एकच आहेत की भिन्न, हा प्रश्न कलाशिक्षणाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला दिसतो. उत्तम चित्रकार हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही आणि अध्यापनशास्त्र जाणणाऱ्यास कलेचा अनुभव असेलच असेही नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाला मिळालेल्या दोन ऐतिहासिक उत्तरांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबई : शिस्त आणि प्रमाणपत्र
सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. या शाळेवर इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा प्रभाव होता. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर ब्रिटिश मालाचे सौंदर्यमूल्य वाढविण्याच्या हेतूने हेन्री कोल यांनी कलाशिक्षणाची पुनर्रचना केली आणि रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी तेवीस टप्प्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचा आरंभ उपकरणांच्या साहाय्याने रेषा काढण्यापासून होत असे, तर प्राथमिक संकल्पनाचा टप्पा बाविसावा होता. शिक्षकांनाही याच पायऱ्या चढून प्रमाणपत्र मिळवावे लागे. म्हणजेच, जे शिकवायचे तेच स्वतः अचूक करता येणे हीच शिक्षकाची प्रमुख पात्रता मानली गेली.

मुंबईच्या कलाशाळेत रेखाकला-शिक्षण हा विषय १८७९ मध्ये समाविष्ट झाला. पुढे माध्यमिक शाळांतील 'ड्रॉइंग मास्तर' याच परंपरेत घडला. या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येणार नाही. तिच्यामुळे कलाशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी आणि खेड्यांपर्यंत पोहोचले, तसेच सामान्य घरांतील मुलांना उपजीविकेचा प्रतिष्ठित मार्ग मिळाला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांनी ही परंपरा टिकवून ठेवली. तथापि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन या चौकटीत मुलांना उत्तीर्ण करणे हेच अनेक ठिकाणी शिक्षकाचे मुख्य कार्य होऊन बसले. मूल चित्र का काढते, हा प्रश्न मात्र मागे पडला.

सेवाग्राम : बालक आणि समाज
१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नयी तालीमची योजना आकारास आली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्राम येथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. ते स्वतः चित्रकार व कुंभकार होते. मुलांच्या चित्रांचे निरीक्षण हा त्यांच्या अध्यापनाचा पाया होता. कला हा स्वतंत्र तासिकेचा विषय नसून हस्तोद्योग, परिसर आणि सामूहिक जीवन यांच्याशी ती जोडलेली असते, अशी त्यांची धारणा होती. त्यांचा 'आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन' हा ग्रंथ नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. सेवाग्रामची मर्यादा वेगळी होती. हा प्रयोग एका समर्थ व्यक्तीवर व एका आश्रमीय वातावरणावर बराच अवलंबून होता. त्यातून राज्यव्यापी प्रशिक्षणव्यवस्था उभी राहिली नाही.

वर्तमान संदर्भ :
या दोन परंपरांतील दरी आजच्या धोरणांतही दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असल्यास, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना शाळेत आणण्याचा पुरस्कार केला आहे. कलावंताचे शाळेत येणे स्वागतार्हच आहे. परंतु तीस-चाळीस मुलांचा वर्ग हाताळणे, वयानुरूप चित्रविकास ओळखणे आणि मुलाच्या कामात हस्तक्षेप कोठे थांबवावा हे जाणणे, ही कौशल्ये केवळ कलासाधनेतून आपोआप येत नाहीत.

समारोप :
मुंबईने प्रशिक्षणाला रचना दिली, तर सेवाग्रामने त्याला दृष्टी दिली. रचनेविना दृष्टी व्यक्तीबरोबर संपते आणि दृष्टीविना रचना परीक्षेपुरती उरते. यास्तव कलाशिक्षकाच्या प्रशिक्षणात स्वतःची कलासाधना, बालचित्रांचा अभ्यास आणि वस्तीतील कारागिरांसोबतचे प्रत्यक्ष काम या तिन्ही अंगांना सारखेच स्थान असणे आवश्यक ठरते.