वृद्धिघटक आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाची पुनर्रचना

गुडघ्यातील फाटलेल्या अस्थिबंधाच्या (लिगामेंटच्या) जागी बसवलेले कलम हाडात लवकर रुजावे व बळकट व्हावे, यासाठी वृद्धिघटकांचा केला जाणारा वापर. पेशींचे विभाजन, स्थलांतर व विभेदन यांना चालना देणाऱ्या संकेतवाही प्रथिनांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधासाठी रिता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत जोडणारा अग्र क्रूसाकृती अस्थिबंध, म्हणजे एसीएल, फाटला की सहसा आपोआप जुळत नाही, कारण जखमेवर धरणारी रक्ताची गुठळी सांध्यातील द्रवात टिकत नाही. म्हणून मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरा किंवा गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचा मधला पट्टा काढून, दोन्ही हाडांत पाडलेल्या बोगद्यांतून तो ओवून पक्का करतात. या कलमातील मूळ पेशी प्रथम मरतात. नंतर भोवतालच्या ऊतींतून नव्या पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कोलॅजेन तंतूंची फेररचना होत कंडरेला अस्थिबंधासारखे रूप येते, ज्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दरम्यान कलम व बोगद्याची भिंत यांचा सांधा हा सर्वांत कच्चा दुवा असतो. स्कॉट रोडिओ व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत, ताण देताच पहिल्या आठ आठवड्यांपर्यंत कंडरा बोगद्यातून सुटून येत असे. बाराव्या आठवड्यापर्यंत मात्र भिंतीशी जोडणारे कोलॅजेन तंतू तयार झाल्याने ती बोगद्यात घट्ट धरून राहिली.

हा कच्चेपणाचा काळ कमी करणे हे वृद्धिघटकांच्या वापराचे उद्दिष्ट आहे. मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ मधील संशोधनातून पुढे आलेल्या अस्थिजनक प्रथिनांपैकी बीएमपी-२ मुळे बोगद्यात हाड अधिक तयार होऊन सुरुवातीची पकड वाढल्याचे प्राण्यांत आढळले. बिंबाणूजन्य (प्लेटलेटपासून मिळणारा) वृद्धिघटक पेशींची संख्या व कोलॅजेन वाढवतो, तर व्हीईजीएफ हा वृद्धिघटक रक्तवाहिन्या वाढवतो; परंतु मेंढ्यांमध्ये व्हीईजीएफ दिलेल्या कलमात रक्तवाहिन्या वाढूनही गुडघा अधिक सैल झाला. केवळ रक्तपुरवठा वाढला म्हणून बळकटी येत नाही आणि योग्य घटक योग्य वेळी व योग्य मात्रेत मिळणे निर्णायक ठरते, हे यातून दिसते.

प्रत्यक्ष रुग्णांत बिंबाणूसमृद्ध रक्तद्रव, म्हणजे पीआरपी, अधिक वापरला जातो. रुग्णाच्या दंडातून काढलेले रक्त अपकेंद्री यंत्रात फिरवले असता तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरच्या रक्तद्रवातील बिंबाणूंच्या कणिकांत अनेक वृद्धिघटक साठलेले असल्याने तो भाग कलमावर किंवा बोगद्यात सोडतात. एमआरआय तपासणीत कलम लवकर परिपक्व होत असल्याचे काही चाचण्यांत दिसले, तरी गुडघ्याची स्थिरता व कार्यक्षमता यांत सातत्याने फरक आढळलेला नाही. शिवाय पीआरपी तयार करण्याच्या पद्धती व त्यातील बिंबाणूंचे प्रमाण वेगवेगळे असल्याने निष्कर्षांची तुलना करणे अवघड जाते. भलत्याच जागी हाड तयार होणे हा अस्थिजनक प्रथिनांचा ज्ञात धोका आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने शुद्ध वृद्धिघटकांवर बंदी घातलेली असून पीआरपी मात्र २०११ पासून निषिद्ध यादीत नाही, ही बाब खेळाडूंच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. म्हणून सध्या वृद्धिघटक हा नेमक्या शस्त्रक्रियेला व टप्प्याटप्प्याच्या व्यायामोपचाराला पूरक उपायच मानला जातो; कलमाला पेलेल इतकाच भार देत स्नायू बळकट करणे, हाच पुनर्वसनाचा मुख्य आधार राहतो.