विद्राव्य सीडी४ : फसलेले औषध, टिकलेले साधन

विज्ञानाच्या इतिहासात यशाच्या नोंदी ठळक अक्षरांत होतात आणि फसलेले प्रयत्न एका ओळीत आटोपतात. सीडी४ या मानवी प्रथिनाचा इतिहास मात्र त्या एका ओळीत मावणारा नाही. औषध म्हणून ते काही वर्षांतच मागे पडले. परंतु एचआयव्ही विषाणू पेशीत कसा शिरतो, हे समजून घेण्यात त्याच प्रथिनाचा मोठा वाटा आहे.

सीडी४ हा प्रामुख्याने साहाय्यक टी-पेशींच्या पृष्ठभागावर असणारा ग्राही रेणू, म्हणजेच रिसेप्टर होय. दुसऱ्या पेशीने समोर मांडलेला परका अंश टी-पेशीने ओळखताना तो साहाय्य करतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद आली. पुढे एड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या रोगाचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी, ल्यूक मोंतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. हा विषाणू नेमक्या साहाय्यक टी-पेशीच का नष्ट करतो, या प्रश्नाचे उत्तर १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथील दोन गटांनी दिले. सीडी४ला चिकटणारी प्रतिपिंडे आधी मिसळली, तर संसर्ग थांबत होता. म्हणजे सीडी४ हेच विषाणूचे प्रवेशद्वार होते.

१९८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पॉल मॅडन, रिचर्ड ॲक्सेल आणि सहकाऱ्यांनी सीडी४चे जनुक वेगळे केले. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की, हे जनुक घातलेल्या मानवी हेला पेशींना संसर्ग होतो. मात्र तेच जनुक उंदराच्या पेशींत घातल्यास विषाणू नुसता चिकटतो, आत शिरत नाही. या कोड्याचे उत्तर मिळायला दहा वर्षे लागली.

जनुक हाती आल्यावर एक सोपी वाटणारी कल्पना पुढे आली. विषाणूजवळ किल्ली असेल, तर रक्तात सुटी कुलपे सोडावीत; विषाणू त्यांतच अडकून पडेल. त्यासाठी जनुकातील पेशीपटलात रुतणारा भाग वगळून केवळ बाहेरचा भाग ठेवण्यात आला. असे जनुक चिनी हॅमस्टरच्या पेशींत घातल्यावर त्या पेशी हे प्रथिन द्रवात सोडू लागल्या. तेथून ते शुद्ध करता येई. हेच पुनर्संयोजित विद्राव्य सीडी४. डिसेंबर १९८७ मध्ये जेनेन्टेक कंपनीच्या संशोधकांनी ते परीक्षानळीत विषाणूला रोखते, असे प्रसिद्ध केले. १९८८च्या आरंभी इतर गटांनीही तसेच निष्कर्ष मांडले.

रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष १९९० मध्ये आले. प्रथिन सुरक्षित होते, पण विषाणूवर त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी एरिक डार, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांनी त्याचे एक मुख्य कारण दाखवून दिले. रुग्णांच्या रक्तातून थेट मिळवलेल्या विषाणूंना रोखण्यासाठी प्रयोगशाळेतील वाणापेक्षा २०० ते २७०० पट अधिक प्रथिन लागत होते. आधीचे प्रयोग दीर्घकाळ पेशीसंवर्धनात वाढवलेल्या वाणांवर झाले होते. प्रयोगशाळेतील नमुना म्हणजे रोग्याच्या शरीरातील वास्तव नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

औषध म्हणून मागे पडले तरी साधन म्हणून या प्रथिनाचे कार्य तेव्हाच सुरू होत होते. १९९० मध्येच सीडी४च्या पहिल्या दोन खंडांची स्फटिकरचना दोन गटांनी प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये सीएक्ससीआर४ व सीसीआर५ हे सहग्राही उलगडले आणि उंदराच्या पेशींचे कोडे सुटले : दारापर्यंत पोचायला सीडी४ पुरेसे होते, पण आत जायला दुसरा मानवी रेणूही हवा होता. विद्राव्य सीडी४ मिसळल्यावर विषाणूच्या जीपी१२० प्रथिनाचा आकार बदलतो आणि सहग्राहीला चिकटणारी जागा उघडी पडते, हेही प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९९८ मध्ये पीटर क्वाँग, वेन हेन्ड्रिक्सन, जोसेफ सोड्रोस्की आणि सहकाऱ्यांनी जीपी१२०, सीडी४चे दोन खंड व एक प्रतिपिंड यांची एकत्रित रचना प्रसिद्ध केली. सीडी४वरील ४३व्या स्थानाचे फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल जीपी१२०च्या पोकळीच्या तोंडाशी कसे बसते, हे तीत दिसले.

आज हे प्रथिन ‘केवळ संशोधनासाठी’ अशा चिठ्ठीनिशी कुप्यांतून विकले जाते. लसीसाठी बनवलेल्या विषाणू-आवरणाच्या प्रथिनाची घडी योग्य आहे काय, हे तपासताना ते वापरतात. मूळ कल्पनाही वाया गेली नाही. सीडी४ला चिकटणारे इबालिझुमॅब २०१८ मध्ये, तर जीपी१२०ला सीडी४शी जुळू न देणारे फोस्टेमसाविर २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. दोन्ही प्रामुख्याने इतर औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गासाठी आहेत.

वर्गात जैवतंत्रज्ञान शिकवताना पुनर्संयोजित इन्सुलिनचे यशस्वी उदाहरण नेहमी दिले जाते. त्याच्या शेजारी सीडी४चा हा इतिहास ठेवला, तर विद्यार्थ्यांना विज्ञानाची खरी वाटचाल दिसेल. १९९० मध्ये हे औषध फसले, एवढेच सांगून थांबणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.