नामवंतांच्या यादीतला तिसरा रकाना

आमचे महाविद्यालय कोकणातले, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. गेल्या वर्षी दर्शनी भिंतीवर विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांचा फलक लावायचे ठरले. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात पदवीचे वर्ष. इतिहास शिकवतो म्हणून काम माझ्याकडे आले. नावे उतरवून घ्यायला तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मदतीला होती. त्याच दिवशी वर्गात तिला कोणीतरी 'फुकट शिकणारी' म्हटले होते. लिहिता लिहिता तिने विचारले, "सर, ह्यांच्यात शिष्यवृत्तीवर कोण शिकलं होतं?"

मी चटकन उत्तर दिले, "बाबासाहेब."

घरी आल्यावर ते उत्तर मला टोचू लागले. माझे वडील सफाई कामगार, आई निरक्षर. मी स्वतः भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकलो. हप्ता आला की नाही हे पाहण्यासाठी कार्यालयाच्या खिडकीशी किती वेळा उभा राहिलो, याची मोजदाद नाही. आणि तरीही, शिष्यवृत्ती म्हटली की ती आपलीच, बाकीचे सगळे स्वतःच्या गुणवत्तेवर शिकले, हा प्रस्थापितांचा समज मी माझ्याही डोक्यात वागवत होतो. इतिहासाच्या शिक्षकाने अर्धे उत्तर दिले होते. हा लेख म्हणजे उरलेले अर्धे उत्तर आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. त्याची पहिली बी.ए. परीक्षा १८६२ साली झाली आणि चौघे पदवीधर झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. कोणतीही यादी या चार नावांनीच सुरू होते. चौघेही ब्राह्मण-सारस्वत घरांतले. पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या जातीपेक्षा वेगळे. यांतले रानडे आणि भांडारकर हे दोघेही 'दक्षिणा फेलो' होते. ही दक्षिणा काय होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही.

पेशवाईत दर श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. तो पैसा राज्याच्या खजिन्यातला, म्हणजे शेवटी रयतेच्या सारावसुलीतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पण इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. १८२१ साली पुण्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली ती याच निधीच्या आधारावर. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज वाढले. उरलेल्या निधीचे रूपांतर हळूहळू ग्रंथांच्या बक्षिसांत आणि महाविद्यालयीन फेलोशिपमध्ये झाले. म्हणजे धर्माच्या नावाने एका वर्णाला मिळणारे दान आधुनिक काळात शिष्यवृत्ती बनून आले. त्या वेळी त्याला कोणी 'फुकट' म्हटले नाही. त्याला विद्वत्तेचा गौरव म्हटले.

रानडे-भांडारकरांची योग्यता कमी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे कष्ट खरे होते, विद्वत्ता खरी होती. माझा मुद्दा एवढाच की, विद्वत्तेलाही दिव्याचे तेल लागते आणि ते कोणीतरी पुरवलेले असते. राजाबाई टॉवरही पाहा. १८७८ साली पुरा झालेल्या या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला. त्यांची संपत्ती कापसाच्या व्यापारात आणि सट्ट्यात फुगलेली होती, आणि कापूस पिकवणारा शेतकरी त्या मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात कधी शिरणार नव्हता.

आता दुसरी बाजू. विद्यापीठ स्थापन होण्याच्या आदल्या वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. एका मुलाला घेतले तर बाकीच्या बहुसंख्यांना ती शाळा निरुपयोगी होईल, असा सरकारच्या निर्णयाचा आशय होता. त्या मुलाचे नाव कोणत्याही यादीत नाही. पण मुंबई इलाख्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर १८५७ च्या आधी हे १८५६ लिहावे लागेल. विद्यापीठाचे दार कितीही उघडे असो, शाळेचा उंबरठाच बंद असेल तर त्या उघडेपणाला अर्थ काय?

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १८८१-८२ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत सुमारे निम्मे ब्राह्मण होते आणि अस्पृश्यांची संख्या शून्य होती. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात नेमक्या याच जागी बोट ठेवले. सरकारी उत्पन्न कष्टकरी शेतकऱ्यांकडून येते आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांचे म्हणणे होते. वरून शिक्षण झिरपत खाली येईल हा सिद्धांत त्यांनी अनुभवाच्या आधारे खोडून काढला. जोतीराव विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. पण विद्यापीठाचा हिशेब त्यांनीच तपासला.

पहिल्या चौघांनंतर पन्नास वर्षांनी, १९१२ साली, एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. झाले. ते शाळेत गोणपाटावर वेगळे बसलेले होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली होती. परळच्या कामगार वस्तीतील चाळीत त्यांचा अभ्यास झाला. इंटरनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर मध्ये पडले आणि सयाजीराव गायकवाडांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. फलकावर या सगळ्याचे फक्त '१९१२' होते.

त्या शिष्यवृत्तीचे बाबासाहेबांनी काय केले? ती केवळ आपल्या वाट्याचे भाग्य मानली नाही, तिचे हक्कात रूपांतर केले. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले. बुद्धी असून केवळ पैसा नाही किंवा अन्य अडचणी आहेत, अशांपर्यंत शिक्षण पोहोचवणे हेच विद्यापीठाचे काम, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ साली त्यांच्या प्रयत्नांतून अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. महाराजांच्या मर्जीपासून कायद्याच्या कलमापर्यंतचा हा प्रवास आहे. दक्षिणा जन्मावर मिळत होती; ही शिष्यवृत्ती जन्माने केलेला अन्याय पुसण्यासाठी आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना ठणकावून सांगता आला पाहिजे.

यादीत नाव बसवणे सोपे असते, दारावर बसवणे अवघड, हेही आपण पाहिले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत माणसे मेली, घरे जळाली. नामवंत म्हणून ज्याचे तैलचित्र चालते, त्याच्या नावाचे प्रमाणपत्र घरात नको, ही ती मनोवृत्ती होती. ती मनोवृत्तीच वर्गात त्या मुलीला 'फुकट शिकणारी' म्हणते.

म्हणून मी फलकासाठी तिसरा रकाना सुचवला: शिक्षणाचा खर्च कोणी सोसला. रानड्यांपुढे दक्षिणा निधी, आंबेडकरांपुढे गायकवाडांची शिष्यवृत्ती, आणि जिथे वडिलांची वतने-जमिनी असतील तिथे तेही. बैठकीत थोडा वेळ शांतता होती. मग फलकावर जागा नसल्याचे ठरले. फलक दोन रकान्यांचाच लागला. तो आजही आहे.

पण वर्गाच्या फळ्यावर जागेची अडचण नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुरे उत्तर दिले आणि तीच यादी तीन रकान्यांत फळ्यावर लिहिली. मुलांनी उतरवून घेतली. एकाने विचारले, "सर, धारवाडच्या मुलाचं नाव कुठं लिहायचं?" नाव ठाऊक नाही, असे मी सांगितले. मग त्या मुलीने वहीत सर्वांत वर एक ओळ कोरी सोडली आणि तिच्यासमोर १८५६ लिहिले.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत. आपापल्या महाविद्यालयाची यादी त्यांनी एकदा अशी करून पाहावी. ज्यांची नावे सापडणार नाहीत त्यांच्यासाठी वरची ओळ कोरी ठेवावी.