बास बोट आणि शेवटचे पाच मैल

मागच्या काही भागांत आपण पूल, तोफा आणि नदी ओलांडण्याच्या मोहिमांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील: मासे पकडायच्या बोटीचा वेग. पण मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला माणूस. बोटीच्या मागच्या फळीवर टांगलेल्या मोटरीशी माझं जुनं नातं आहे. फौजेत तिला ओबीएम म्हणतात, आउटबोर्ड मोटर. पुरातून माणसं काढायची वेळ आली की भरवसा तिचाच. त्यामुळे मुलाकडे अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला गेलो होतो तेव्हा शेजाऱ्याच्या अंगणातली चकाकणारी बोट बघून माझे पाय तिथंच थांबले.

ती बास बोट होती. बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, गळाला लागल्यावर जोरदार झुंज देणारा. शेजारी अमेरिकन फौजेतून निवृत्त झालेला सार्जंट. मोटर तीच ठेवून बोटीचा वेग ताशी पाच मैलांनी वाढवायचा, हा त्याचा त्या उन्हाळ्यातला उद्योग. मासे पकडायला एवढी घाई कशाला, असा मला प्रश्न पडला. उत्तर शोधता शोधता मी धरणांपर्यंत पोचलो.

१९३३ मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन झाली आणि तिनं टेनेसी नदीच्या खोऱ्यात एकामागून एक धरणं बांधली. हंट्सव्हिलजवळचं गंटर्सव्हिल धरण १९३९ चं. तिकडे आर्कान्साच्या डोंगरांत अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअरांनी बुल शोल्स आणि बीव्हर ही धरणं उभारली. म्हणजे आमचेच भाऊबंद! दऱ्या बुडाल्या, बुडालेल्या झाडांत आणि खाचखळग्यांत बास पोसला, आणि काल काठावरून गळ टाकणाऱ्या माणसासमोर मैलोन् मैल पसरलेलं पाणी आलं. वल्ह्यांनी ते कापणं शक्य नव्हतं. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं मिलवॉकीत १९०९ पासून विकायला आणलेली मोटर अवघ्या दीड घोडाशक्तीची होती. आउटबोर्ड मोटर बनवणारा तो पहिला नव्हे, कॅमेरॉन वॉटरमन त्याच्या आधीचा. पण धंदा जमवला एव्हिनरूडनं. पुढे १९४८ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मंडनं खास बाससाठी अरुंद, चपट्या तळाची बोट बांधली. नाव ठेवलं स्कीटर, म्हणजे तिकडच्या बोलीत डास.

तरीही वेगाचं वेड लागलं नव्हतं. ते लावलं रे स्कॉट नावाच्या विमा एजंटानं. जून १९६७ मध्ये त्यानं बीव्हर तलावावर बास पकडण्याची स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी संघटना काढली. स्पर्धेत सकाळी ठरल्या वेळी सुटायचं आणि ठरल्या वेळी वजनकाट्यावर हजर व्हायचं. उशीर झाला की दंड. आता हिशेब करा. माशांची जागा ४० किलोमीटरवर असेल तर ताशी ५० च्या वेगानं जायला ४८ मिनिटं लागतात, ताशी १०० नं २४. जाऊन येऊन ४८ मिनिटं वाचली, आणि तेवढा वेळ गळ जास्त पाण्यात राहिला. बक्षिसाचे पैसे त्या मिनिटांत होते. १९६८ मध्ये फॉरेस्ट वूडनं आर्कान्सातल्या फ्लिपिन गावात रेंजर बोटी बांधायला घेतल्या, १९७६ मध्ये मर्क्युरीची १७५ घोडाशक्तीची सहा सिलिंडरची ब्लॅक मॅक्स आली, आणि शर्यत खरी पेटली.

पण नुसती घोडाशक्ती वाढवणं महागात पडतं. पाण्यावर तरंगत धावणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानानं शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५० घोडाशक्तीवर ताशी ६० मैल मिळत असतील तर ७० साठी २०० च्या वर शक्ती लागते. शिवाय अमेरिकेत १९७१ चा बोट सुरक्षा कायदा आला. त्याखालच्या नियमांनी २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटींवर जास्तीत जास्त किती शक्ती चालेल याची पट्टी बसू लागली. मग लोकांनी डोकं दुसरीकडे लावलं: बोट पाण्याला अडते कुठे?

सगळ्यात जास्त अडते मोटरीचा खालचा भाग, गिअरचा डबा. तो पाणी फाडत जातो. म्हणून मोटर वर उचलायची. त्यासाठी मोटर आणि बोट यांच्यामध्ये जॅक प्लेट बसवतात. ती मोटरीला मागेही नेते आणि वरही. शेजारी पाव-पाव इंच उचलायचा, तलावावर फेरी मारायचा आणि जीपीएसचा आकडा वहीत टिपायचा. उचलण्याला मर्यादा आहे. थंडाव्याचं पाणी त्याच डब्यातल्या छिद्रांतून आत जातं. फार उचललं की पाण्याचा दाब पडतो, इंजिन तापतं, पंखा हवा गिळून नुसताच गरगरतो. म्हणून दाबाच्या काट्यावर डोळा ठेवूनच हे करायचं.

दुसरी गोष्ट पंखा. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जितका शिरतो, तसा पंख्याचा पिच. २५ इंच पिच, इंजिनचे मिनिटाला ५८०० फेरे, गिअरचं प्रमाण १.७५, तर कागदावरचा वेग ताशी सुमारे १२६ किलोमीटर. पाणी लाकडासारखं घट्ट नसल्यानं त्यातले काही टक्के निसटतात. ही स्लिप. ती १४ टक्क्यांवरून १० वर आणली तर ताशी पाच किलोमीटर हाती लागतात, तेही इंजिनला हात न लावता. स्टीलचा पंखा ॲल्युमिनियमच्या पंख्यासारखा वाकत नाही, म्हणून तो घेतात.

तिसरी गोष्ट वजन, आणि ही मला फौजेत कुणी शिकवायची गरज नव्हती. बास बोटीत मासे जिवंत ठेवायची टाकी असते, कारण १९७२ पासून स्कॉटनं मासे मोजून परत सोडायची प्रथा रुजवली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. शेजारी पहिला मासा लागेपर्यंत टाकी कोरडी ठेवायचा.

या सगळ्याचा परिणाम असा की पूर्ण वेगात बोटीचं नाक वर असतं आणि ती तळाच्या मधल्या अरुंद पट्टीवर, पॅडवर, तोललेली असते. मग ती डावी-उजवीकडे झुलू लागते. याला चाइन वॉक म्हणतात. चालवणारा गोंधळून स्टिअरिंग उलटसुलट फिरवू लागला की झोके वाढतात आणि माणूस बाहेर फेकला जातो. रिकामी बोट सरळ निघून जात नाही. मोटर एका बाजूला वळते आणि बोट गोल फिरत पडलेल्या माणसाकडेच परत येते.

हे मी वाचून सांगत नाही. तरुण कॅप्टन असताना सरावात ओबीएमचा दांडा माझ्या हातात होता. पाण्याखालच्या ओंडक्याला बोट धडकली आणि मी बाहेर फेकलो गेलो. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधायची असते. माझी मोटरीच्या हँडलला लटकत होती, कारण शांत पाण्यात कशाला, असं मला वाटलं होतं. बोट वळून आली. मला ओढायला पोहत आलेल्या नाईकाचा हात पंख्यात सापडला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चूक माझी होती. तो निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, डाव्या हातानं लिहिलेलं.

स्कॉटच्या स्पर्धांत किल स्विच आणि लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. सगळ्या अमेरिकेसाठी, २६ फुटांहून लहान बोटींना, हा स्विच वापरण्याचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०२१ ला.

निघायच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यानं मला गंटर्सव्हिलवर फेरीला नेलं. त्यानं बसल्या बसल्या दोरी जॅकेटला अडकवली. मी ती ओढून पाहिली. तो हसला, काही बोलला नाही. आम्ही सुटलो तेव्हा पाणी काचेसारखं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते वाऱ्यानं. परत आल्यावर त्यानं वही उघडली. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं: मोटर पाव इंच वर, टाकी रिकामी, कर्नलसाहेब सोबत, वजा दोन मैल.